चंद्र नावाची भाषा आणि बारावीचं जर्नल

लातूर-नांदेडकडं बारावीला बायफोकल घेऊन कॉम्प्युटर सायन्स केलेल्या कुणालाही विचारा, पहिला सी प्लस प्लस प्रोग्राम कुठं लिहिला? बहुतेकदा उत्तर येईल : जर्नलमध्ये, पेनानं. लॅबमध्ये नंबर लागेपर्यंत तो पाठ झालेला असायचा. मुद्दाम चुकवून बघायला वेळ कुणाकडं होता?

चुकवून बघायची सोय तशी जुनीच. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी बेसिक भाषा आणली, ती विज्ञान न शिकणाऱ्या मुलांनाही जमावी म्हणून. टर्मिनलवर टाइप करायचं, ‘रन’ म्हणायचं, उत्तर समोर. पंचकार्डं देऊन तासन् तास वाट बघणं संपलं. पण त्यासाठी टर्मिनल हवं, आणि ते आपल्याकडं नव्हतं.

ब्राझीलची अडचणही अशीच होती. परदेशी संगणक आणि सॉफ्टवेअर आणण्यावर तिथं अनेक वर्षं कडक निर्बंध होते. मग रिओच्या कॅथोलिक विद्यापीठातल्या तिघांनी १९९३ मध्ये स्वतःचीच भाषा केली : लुआ. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. तेल कंपनीतल्या, प्रोग्रामर नसलेल्या इंजिनिअरांना ती वापरायची होती, म्हणून सोपी. यादी मोजते तीही हजेरीपटासारखी, शून्यापासून नाही तर एकपासून. पुढच्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं. लुआ तोवर इथं कुणाच्या गावीही नव्हती. आज मात्र मराठी विकिपीडियाचे कितीतरी साचे तिच्यावर चालतात.

लुआचा अख्खा इंटरप्रिटर तुमच्या मोबाइलमधल्या एका फोटोपेक्षा लहान आहे. २०१७ पर्यंत सगळ्या मोठ्या ब्राउझरांत वेबअसेम्बली आली आणि सी भाषेत लिहिलेला हा इंटरप्रिटर थेट पानातच चालू लागला. म्हणजे भाषाच फोनवर उतरते. एकदा उतरली की हिशेब फोनच करतो, रेंज गेली तरी.

सात गुणिले आठ छापायला सांगा, ५६ येतं. ‘प्रिंट’चं स्पेलिंग चुकवा, कुठल्या ओळीत कुठलं नाव सापडलं नाही ते सांगतं. मार्क कापत नाही.

लातूर पॅटर्ननं आम्हाला पेपरात न चुकण्याचा सराव दिला, आणि त्यावर अनेकांची आयुष्यं उभी राहिली. पण चुकून पाहण्याचा सराव जर्नलमध्ये होतच नव्हता. रूमवर, रात्री अकराला, खिशातल्या फोनवर तो आता होतो.