गुणाकार म्हणजे नुसती बेरीज का?

चौथीतल्या मुलाला विचारा, गुणाकार म्हणजे काय? तो चटकन सांगेल, तीच संख्या पुन्हा पुन्हा मिळवायची. पाच चोक वीस, म्हणजे पाच चार वेळा. बरोबरच आहे. पण दोन वर्षांनी त्याच मुलाला आपण अर्धा गुणिले पाऊण करायला सांगतो. आता अर्धा ही संख्या ‘पाऊण वेळा’ मिळवायची म्हणजे काय करायचं? शिवाय उत्तर अर्ध्यापेक्षा लहान येतं. मुलाला वाटतं, आपल्यालाच गणित येत नाही. आम्हाला वाटतं, आपण त्याला गोष्ट अर्धीच सांगितली.

ही अर्धी गोष्ट फार जुनी आहे. इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या सातव्या भागात गुणाकाराची व्याख्या अशीच दिली: एका संख्येत जितके एकक, तितक्या वेळा दुसरी मिळवायची. पण त्याच्या लेखी संख्या म्हणजे एककांचा समूह. पाव, पाऊण त्यात बसतच नाहीत. व्याख्या चुकीची नव्हती. ती पूर्ण संख्यांपुरती होती.

आता आपल्याकडे बघू. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. त्यात गुणाकाराचं उदाहरण आहे १३५ गुणिले १२. तिथे १३५ बारा वेळा मांडत बसलेले नाहीत. १२ चे ८ आणि ४ असे तुकडे करा: १०८० आणि ५४०, मिळून १६२०. किंवा १० आणि २ करा. किंवा वीसपट करून आठपट वजा करा: २७०० उणे १०८०, पुन्हा १६२०.

बेरीज आणि गुणाकार यांचं खरं नातं इथे आहे. गुणकाचे तुकडे करा, प्रत्येकाने गुणा, उत्तरं मिळवा. यालाच आजचं पुस्तक वितरणाचा नियम म्हणतं. बाराचे बारा एकेक तुकडे केले, की तीच झाली ‘पुन्हा पुन्हा बेरीज’. म्हणजे ती या नियमाचा एक प्रकार. आणि तुकडा एकाचाच असावा असं कुठे आहे? तो पावाचाही चालतो.

हे आपल्या आजोबा-पणजोबांना तोंडपाठ होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी: हे सगळे अपूर्णांकांचे पाढे. गूळ आठ आणे शेर, तर सव्वा शेराचे किती? आठ, आणि आठाची पावकी दोन, दहा आणे. गुणाकार झाला, बेरीजही झाली. पुढे १९५७ मध्ये दशमान नाणी आली, मग शेरही गेला आणि हे पाढे मागे पडले. हिशेब सोपा झाला, हे खरंच. पण त्यांच्याबरोबर तुकडे पाडायची सवयही गेली.

आता मुलाच्या गणिताकडे परत येऊ. पाऊण म्हणजे अर्धा आणि पाव. अर्ध्याचा अर्धा, तो पाव, म्हणजे दोन अष्टमांश. अर्ध्याचा पाव, तो एक अष्टमांश. मिळून तीन अष्टमांश. पूर्ण अर्धा घेतलाच नाही, म्हणून उत्तर लहान.

घरी मुलं पाढे म्हणत असतील तर आज एवढंच विचारा: सात आठे विसरलास, पण पाच आठे आणि दोन आठे येतात ना? मग सांग बघू.