युरोपची सामायिक भाषा : गुण, सत्ता आणि तटस्थता

१७८२ साली बर्लिनच्या विज्ञान व साहित्य अकादमीने निबंधस्पर्धेसाठी एक तिहेरी प्रश्न जाहीर केला : फ्रेंच ही युरोपची सार्वत्रिक भाषा कशामुळे झाली, या मानास ती का पात्र आहे आणि हे स्थान ती टिकवू शकेल काय? प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक स्वतः फ्रेंचमध्ये लेखन करीत असे. जर्मन राजधानीतील या अकादमीचे शोधनिबंधही फ्रेंचमध्येच प्रसिद्ध होत. प्रश्न विचारणारी संस्थाच अशा रीतीने उत्तराचा एक भाग होती. १७८४ मध्ये पारितोषिक विभागून देण्यात आले. आंत्वान रिव्हारोल यांनी फ्रेंचच्या श्रेष्ठतेचे मूळ तिच्या कर्ता-क्रियापद-कर्म या पदक्रमात आणि त्यातून येणाऱ्या स्पष्टतेत शोधले. योहान ख्रिस्टोफ श्वाब यांनी जर्मनमध्ये लिहिलेल्या निबंधात भाषेच्या गुणांबरोबरच राष्ट्राची सांस्कृतिक उन्नती व राजकीय स्थान यांचाही विचार केला. सामायिक भाषा गुणांमुळे स्वीकारली जाते की सत्तेमुळे, हा पुढील काळातील वाद येथे बीजरूपाने आढळतो.

लॅटिनसंबंधी हा प्रश्न या स्वरूपात उद्भवला नव्हता. चर्च व विद्यापीठे यांची ती भाषा होती. मात्र ती कोणाचीही मातृभाषा उरली नव्हती. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ (१६८७) लॅटिनमध्ये, तर ‘ऑप्टिक्स’ (१७०४) इंग्रजीत अवतरला, यावरून तिचा ओसरता प्रभाव लक्षात येतो. फ्रेंच तिच्या जागी आली ती मात्र एका राष्ट्राची आणि एका दरबाराची भाषा म्हणून.

हे राष्ट्रीयत्व वजा करण्याचा सर्वांत चिवट प्रयत्न लुडविक झामेनहॉफ यांनी केला. रशियन साम्राज्यातील बियावीस्तोक या बहुभाषी नगरात वाढलेल्या या ज्यू वैद्याने १८८७ मध्ये वॉर्सा येथे एस्पेरांतोचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः रोमान्स व जर्मानिक भाषांतून घेतलेला असल्याने तिची तटस्थताही मर्यादित होती. तरीही राष्ट्रसंघात तिच्या अध्यापनाची चर्चा झाली. उपमहासचिव इनाझो नितोबे यांनी १९२१ च्या प्राग येथील एस्पेरांतो संमेलनास उपस्थित राहून अनुकूल अहवाल दिला. फ्रान्सने प्रखर विरोध केला आणि १९२२ मध्ये आपल्या शाळांत एस्पेरांतोच्या अध्यापनास मनाई केली. १९२३ मध्ये बौद्धिक सहकार्य समितीने तिची शिफारस करण्याचे नाकारले. बर्लिनमध्ये गुणांनी समर्थिलेले स्थान जिनिव्हात सत्तेने राखावे लागले. एस्पेरांतोच्या प्रचाराला वाहून घेतलेली झामेनहॉफ यांची कन्या लिडिया १९४२ मध्ये ट्रेब्लिंका येथे मारली गेली. तटस्थ भाषेमागे राज्य नसते, म्हणून तिला संरक्षणही नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपने निवडच टाळली. १९५८ च्या पहिल्याच नियमाने युरोपीय आर्थिक समुदायाने डच, फ्रेंच, जर्मन व इटालियन या चारही भाषांना समान दर्जा दिला. २०१३ मध्ये क्रोएशियन आल्यावर ही संख्या २४ झाली. व्यवहारात मात्र इंग्रजीचे प्राबल्य वाढत गेले. २०२० मध्ये ब्रिटन बाहेर पडल्यावरही ती अधिकृत भाषा राहिली. आयर्लंड व माल्टा येथे ती राजभाषा असली, तरी संघातील बहुसंख्य नागरिकांची ती मातृभाषा नाही. या मर्यादित अर्थाने ती लॅटिनच्या स्थितीजवळ आली आहे, असे म्हणता येईल. परंतु लॅटिनमागे समकालीन महासत्ता नव्हती, हा भेद दृष्टीआड करता येत नाही.

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व त्याच्या अपयशात आहे. एक भाषा ठरली नाही, म्हणून अनुवाद ही युरोपची संस्था झाली. आणि छोट्या भाषांतील साहित्याला आपले म्हणणे आपल्याच भाषेत मांडण्याचा अधिकार, निदान कायद्याने तरी, शाबूत राहिला.