रिकाम्या खुर्च्यांची साक्ष

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु ज्या घरातले माणूस एके सकाळी बाहेर पडले आणि परतलेच नाही, त्या घराचा इतिहास कोणी लिहायचा? तो त्या माणसाच्या खुर्चीत, कपाटातल्या सदऱ्यात, दाराशी राहिलेल्या पादत्राणांत मूकपणे साचून राहतो. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया ह्या कॅथलिक परंपरेच्या देशातील शिल्पकार दोरिस साल्सेदो ह्यांनी हा मूक इतिहास बोलता करण्याचे व्रत घेतले.

साल्सेदो ह्यांचा जन्म १९५८ साली बोगोटा येथे झाला. न्यूयॉर्क येथील शिक्षण आटोपून त्या मायदेशी परतल्या आणि ६ नोव्हेंबर १९८५ रोजी राजधानीतील न्यायप्रासादाचा बंडखोरांनी कब्जा घेतला. लष्कराने रणगाडे घालून प्रतिहल्ला केला, इमारत पेटली. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांसह सुमारे शंभर माणसे प्राणास मुकली, काही कायमची बेपत्ता झाली. कोलंबियातील दीर्घ यादवीचा हा केवळ एक अध्याय होय. १९५८ ते २०१२ ह्या काळात सुमारे २ लाख २० हजार माणसे मारली गेली आणि त्यांतील बहुसंख्य निःशस्त्र नागरिक होते.

साल्सेदो ह्या मृतांच्या व बेपत्तांच्या आप्तांना भेटत गेल्या. त्यांचे बोलणे ऐकणे, हीच त्यांच्या कलेची पहिली पायरी ठरली. १९९०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी भिंतीत लहान लहान कोनाडे कोरून त्यांत प्रामुख्याने बेपत्ता स्त्रियांची पादत्राणे ठेवली. प्रत्येक कोनाड्यावर जनावराच्या आतड्यासारखा पातळ पडदा ताणून तो शस्त्रक्रियेच्या दोऱ्याने शिवला. पलीकडचे दिसते, पण धूसर. जवळ आहे, पण हाती लागत नाही. संतांचे अवशेष जपणाऱ्या आपल्या वेदींची येथे सहज आठवण होते. भेद इतकाच, की येथे अवशेषच नाहीत. देह कोठे पुरला हेही आप्तांना ठाऊक नाही.

त्याच सुमारास त्यांनी वापरातल्या खुर्च्या, पलंग व कपाटे सिमेंटने भरून टाकली. ज्या कपाटाचे दार पुन्हा कधी उघडणार नाही, त्यात एखाद्या सदऱ्याची बाही तेवढी दिसत राहते. पुढे छळ करून मारल्या गेलेल्या एका परिचारिकेसाठी त्यांनी गुलाबाच्या असंख्य पाकळ्या हाताने टाचून प्रेतवस्त्रासारखी विशाल चादर सिद्ध केली. पाकळीला कोमेजणे चुकत नाही. तिला टिकवण्याची धडपड हीच येथे श्रद्धांजली झाली.

६ नोव्हेंबर २००२. बोगोटाच्या पुन्हा उभारलेल्या न्यायप्रासादाच्या छपरावरून एक रिकामी खुर्ची दोरीने हळूच खाली सोडण्यात आली. मग दुसरी, मग तिसरी. ५३ तासांत २८० खुर्च्या त्या भिंतीवर लोंबकळू लागल्या. भाषण नाही, फलक नाही. रस्त्याने जाणारी माणसे थबकली. सतरा वर्षे ज्या विषयावर बोलणे टाळले गेले, तो भरदिवसा त्यांच्या डोळ्यांपुढे उतरत होता. मृतांच्या स्मरणाला वाहिलेल्या नोव्हेंबर महिन्यात ह्याहून समर्पक प्रार्थना कोणती असू शकेल?

२०१६ साली शासन आणि सर्वांत मोठी बंडखोर संघटना ह्यांच्यात शांतता करार झाला. खाली ठेवलेल्या शस्त्रांतून स्मारक घडवण्याचे काम साल्सेदो ह्यांच्याकडे आले. त्यांनी उंच स्तंभ उभारण्याचे नाकारले. ३७ टन शस्त्रे वितळवून त्यांच्या फरश्या घडवल्या व २०१८ साली एका जुन्या पडक्या वाड्याच्या जागी जमिनीवर अंथरल्या. युद्धात अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी हातोड्याने ठोकलेल्या पत्र्यांवरून त्या फरश्यांचे साचे घेतले होते. आज तेथे येणारा प्रत्येक जण त्या बंदुकांवर पाय ठेवून चालतो. तलवारींचे फाळ होतील, हे यशया संदेष्ट्याचे स्वप्न आपण मंदिरात अनेकदा ऐकतो. बोगोटात त्याची भूमी झाली आहे.

गेलेली माणसे ह्या कलेने परत येत नाहीत, आणि तसा तिचा दावाही नाही. पण ती विसरली जाऊ नयेत, एवढी राखण ती करते. आपल्याही घरात एखादी खुर्ची असते, जिच्यावर सहसा कोणी बसत नाही. तिच्यावरची धूळ पुसताना आपलाही हात क्षणभर थांबतो. इतिहास तेथूनही सुरू होतो.