पत आणि अवजार

वसईच्या बागायतीचा इतिहास सांगणारे बहुधा केळी व पानवेल यांचे वर्णन करितात. परंतु विहिरीवरील रहाट कोणाच्या पैशाने बसला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या मते तोच प्रश्न मुळाचा होय.

अवजाराचा पैसा एकदम मोजावा लागतो आणि त्याचे फळ वर्षानुवर्षे थोडेथोडे हाती येते. समजा, पाण्याचे इंजिन 1000 रुपयांस पडते व बैलांचा खर्च वाचून सालीना 200 रुपये शिल्लक राहतात. सावकाराचा दर शेकडा 24 असल्यास व्याजच 240 होते. अर्थात चांगले यंत्र घेऊनही धनी बुडतो. दर शेकडा 9 असल्यास व्याज 90 होऊन 110 रुपये मुद्दलात जातात व सातव्या वर्षी कर्ज निःशेष फिटते. यंत्र तेच, शेतकरीही तोच. फरक काय तो व्याजाचा! तेव्हा जुन्या रहाटालाच ठिगळे लावणाऱ्यास अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे.

1875 साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे रयतेने सावकारांवर उठाव करून कर्जरोखे जाळिले. 1879 च्या कायद्याने रयतेस कोर्टात काही संरक्षण मिळाले. पण नवे भांडवल कोठून यावे? जर्मनीत रायफायझेन यांनी 1864 साली हेडेसडॉर्फ येथे शेजाऱ्यांची पतसंस्था काढून त्याचे उत्तर दिले होते. कोण काटकसरी व कोण उधळ्या, हे शेजारी जाणतो. म्हणून एकमेकांची जामीनकी हेच तेथे तारण झाले. आपल्याकडे 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला व 1905 साली गदगजवळ कणगिनहाळ येथे संस्था निघाली. वसईत मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी 1918 साली जी कॅथलिक पतसंस्था स्थापिली, तिचीच पुढे बॅसीन कॅथलिक सहकारी बँक झाली.

तथापि मार्ग लांबचा होता. 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी शेकडा सुमारे 70 भाग सावकारांचा व अवघा 3.1 भाग सहकारी संस्थांचा आढळला.

वाचकहो, यातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्या. कर्जाची मुदत अवजाराच्या आयुष्यास साजेशी असावी; आणि अवजारासाठी काढिलेला पैसा लग्नसमारंभात खर्चू नये. स्वस्त कर्जही फेडावेच लागते, आणि ते वेळेवर फेडणारा शेजाऱ्याच्या कर्जाची वाट मोकळी करितो.