खासगी कोणाची?

आमच्या सोसायटीच्या फाटकावर पाटी आहे : ‘खासगी मालमत्ता. परवानगीशिवाय आत येऊ नये.’ पाटीखाली टेबलावर एक वही, तिला सुतळीने बांधलेलं पेन. कुरियरवाला असो की कुणाची मावशी, नाव, गाडीचा नंबर, मोबाईल आणि वेळ लिहूनच आत. वही दिवसभर उघडी. आधीच्या दहा जणांचे नंबर अकराव्याने निवांत वाचून घ्यावेत. वहीच्या पुठ्ठ्यावर मात्र कुणीतरी जाड अक्षरात लिहून ठेवलंय : ‘खाजगी’.

‘स’ की ‘ज’ हा वाद एका ओळीत मिटतो. पुढचा ‘ग’ घोष, त्याच्या नादाने ‘स’चा ‘ज’ होतो, ‘जहाज’मधला. बोलताना कुणी अडत नाही. माझी गाडी अडली ती ‘गी’वर.

अरबी ‘खास’ला फारसी ‘गी’ लागली की झालं ‘खासगी’, असं सहज सांगितलं जातं. मला ते पटत नाही. फारसीत ‘गी’ लागते ती ‘बंदा’, ‘जिंदा’, ‘ताजा’ अशा शब्दांना : बंदगी, जिंदगी, ताजगी. ‘खास’ला नुसती ‘ई’ पुरली असती. म्हणजे मूळ ‘खास’ नव्हे, ‘खासा’. कुणी म्हणेल, ही आपली पाटीलकी-देशमुखीतली ‘की’ असेल, मऊ होऊन ‘गी’ झाली. पण सोळाव्या शतकात तुर्की सुलतान सुलेमानची हुर्रेम ‘हासेकी’ म्हणवत होती आणि त्याही आधी मिसरच्या ममलूक सुलतानांच्या अंगरक्षकांना ‘खासकिया’ म्हणत. या दोन्ही शब्दांत ‘क’ आहे, हे विरोधकांच्या पथ्यावर पडेल. पडू दे. इस्तंबूल-कैरोपर्यंत आपली पाटीलकी पोचली नव्हती, एवढं तरी ते मान्य करतील.

आता ‘खासा’ कोण? मराठी कागदांत ‘खासा स्वारी’ निघते, ‘खासे’ येतात, म्हणजे धनी स्वतः जातीने येतात. तेव्हा खासगी म्हणजे धन्याच्या जातीचं. तुमचं-माझं नव्हे, राजाचं. पेशव्यांच्या घरचा तो कारभार पाहणारे ते खासगीवाले. (पुण्यातल्या त्याच आडनावाच्या कृष्णाजीपंतांनी ग्वाल्हेरचा उत्सव पाहून आल्यावर घरातला गणपती चौकात आणायला हातभार लावला. खासगीवाल्यांनी सार्वजनिक गणपती बसवला, यापेक्षा चांगला विनोद भाषेला सुचणार नाही.) बडोद्याला गायकवाडांच्या याच कारभाराचं नाव ‘खानगी’, म्हणजे ‘खाना’ किंवा घर यावरून. गुजरातीत आजही खासगीला खानगीच म्हणतात. शेजाऱ्यांनी शब्द घेतला तो राजाच्या घरावरून, आपण राजाच्या देहावरून.

या शब्दाला खरी हद्द आखलेली दिसते ती होळकरांकडे. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीची जहागीर लावून दिली. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. संस्थानचे दोन भाग : ‘दौलत’ आणि ‘खासगी’. फौजफाट्याचा खर्च दौलतीतून, देवळं-घाट-अन्नछत्रं खासगीतून. दौलतीने खासगीला हात लावायचा नाही. सरकारने पलीकडे जाऊ नये अशी रेघ मराठी मुलखात आधी आखली गेली ती एका बाईच्या तिजोरीभोवती, असं मी म्हणतो. कुणाला जुना दाखला सापडला तर माझी हार मान्य.

पण ज्याने मला झोपू दिलं नाही तो शब्द वेगळाच : ‘वाकनीस’. त्यात कुणाला संस्कृत ‘वाक्’ ऐकू येईल, पण तो आहे ‘वाकिआ-नवीस’, घडलेलं लिहून काढणारा. मोगलांनी सुभ्यासुभ्यात असे वार्ताहर बसवले होते. सुभेदार काय करतो, कोण कुणाला भेटतो, हे बादशहाला कळवणं हे त्यांचं काम. त्यांच्यावर भरवसा नको म्हणून गुपचूप लिहिणारे ‘खुफिया-नवीस’ निराळे. हाच हुद्दा शिवाजी महाराजांकडे आला तेव्हा त्याची दिशा फिरली. दत्ताजी त्रिंबक वाकनीस महाराजांचीच दिनचर्या लिहीत. १६७४ च्या राज्याभिषेकात हुद्द्याचं नाव ‘मंत्री’ झालं. भेटीला कोण आलं, पंगतीला कोण, जेवणात काय, यावर त्यांची नजर, कारण दगाफटका व्हायचा तर तिथूनच. म्हणजे पाळतीचा शब्द थेट खासगीच्या दारात येऊन बसला. ज्याची खासगी सर्वांत मोठी, त्याच्यावर पाळतही सर्वांत कडक. ‘पाळत’ आणि ‘पाळणे’ सख्खी भावंडं असावीत हे मला इथे पटलं.

मग हा शब्द राजाकडून आपल्याकडे कसा आला? माझा अंदाज सांगतो. पेशवाईत खासगी सरकारचाच एक कप्पा होता. कंपनीचा अंमल आल्यावर ‘सरकार’ परकं झालं आणि सरकारी नसेल ते सगळं खासगी ठरलं : खासगी शाळा, खासगी नोकरी. शब्द तोच, पण उडी मारून कुंपणापलीकडे गेला. इंग्रजी ‘प्रायव्हेट’चा प्रवास याच्या अगदी उलट. तो निघाला लॅटिनमधल्या बिनहुद्द्याच्या माणसापासून. म्हणून आपली ‘खासगी’ अजूनही मालकीची वाटते, माणसाची कमी. शाळा, गाडी, रुग्णालय पटकन खासगी होतं. माणूस खासगी आहे म्हटलं की वाक्य लंगडं पडतं.

कोर्टालाही ते जड गेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. आधीचा मोठा अडसर होता खरक सिंग खटला. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसाच्या नावाने उत्तर प्रदेश पोलिसांनी हिस्टरी शीट उघडलं. रात्री-अपरात्री शिपाई दार ठोठावून त्याला उठवत. न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटी रद्द केल्या. पण तो कुठे जातो-येतो यावर नजर ठेवायला हरकत नाही म्हटलं, कारण खासगीपणाची हमी घटनेत नाही.

हा निकाल १८ डिसेंबर १९६२ चा. त्याच वर्षी जूनमध्ये इंदूरला अहिल्याबाईंच्या देवळा-घाटांच्या देखभालीसाठी एक न्यास स्थापन झाला. त्याच्या नावातला पहिला शब्द आहे ‘खासगी’.