स्प्रिंगफील्डचे काजू-चिकन आणि तैवानचा मोतीचहा : खाद्यपदार्थांच्या स्थलांतराविषयी

अमेरिकेतील आशियाई खाद्यपदार्थांचा इतिहास सामान्यतः दोन किनाऱ्यांवरून सांगितला जातो. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आणि न्यू यॉर्क येथील चायनाटाउन हे त्या इतिहासाचे नेहमीचे नेपथ्य. या दोन किनाऱ्यांच्या मध्ये पसरलेल्या विस्तीर्ण प्रदेशातील मध्यम आकाराच्या शहरांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही. तेथील चिनी खानावळ म्हणजे मूळ पदार्थांची बिघडलेली नक्कल, असा एक समज रूढ आहे. हा समज तपासून पाहण्यासाठी मिसूरी राज्यातील स्प्रिंगफील्ड हे शहर विशेष सोयीचे आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ६९ हजार, म्हणजे ते धड महानगर नाही आणि खेडेही नाही. आशियाई खाद्येतिहासात या शहराचे नाव एका पदार्थामुळे कायमचे नोंदले गेले आहे.

त्या पदार्थाकडे जाण्यापूर्वी कायद्याचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. कारण अमेरिकेतील चिनी खानावळ ही जितकी पाकशास्त्राची, तितकीच कायद्याचीही निर्मिती आहे. १८८२ च्या बहिष्कार कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद केली. व्यापारी, विद्यार्थी अशा काही वर्गांना त्यातून सूट होती. १९१५ साली एका न्यायालयीन निर्णयाने खानावळीच्या मालकाला ‘व्यापारी’ या वर्गात स्थान मिळू लागले. याचा परिणाम असा झाला की ज्याला गावाकडच्या नातलगांना आणायचे आहे किंवा स्वतः मायदेशी जाऊन परत यायचे आहे, त्याच्यासाठी खानावळ हा एक मार्ग ठरला. कपडे धुण्याच्या दुकानांबरोबरच खानावळी वाढल्या, त्यामागे अमेरिकनांना चिनी चव आवडू लागली हे एक कारण होते आणि हा कायदा दुसरे. १९४३ मध्ये, चीन महायुद्धातील मित्रराष्ट्र असताना, बहिष्कार कायदा रद्द झाला. पण चिनी वंशाच्या लोकांसाठी वर्षाला अवघा १०५ जणांचा कोटा ठेवण्यात आला. भारतीयांचा कोटा १९४६ साली ठरला, तो १०० चा होता. वंशाधारित कोट्यांची ही व्यवस्था मोडण्यास १९६५ साल उजाडावे लागले.

या पार्श्वभूमीवर डेव्हिड लिआँग यांचे चरित्र वाचावे लागते. त्यांचा जन्म १९२० साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात झाला. १९४० मध्ये, म्हणजे बहिष्कार कायदा अमलात असतानाच, ते अमेरिकेत आले. ज्या देशाचा कायदा त्यांच्या देशबांधवांना दारात उभे करीत नव्हता, त्या देशाच्या सैन्यात ते दाखल झाले आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. युद्धानंतर त्यांनी फ्लॉरिडातील पेन्सकोला येथे स्वयंपाकी म्हणून काम केले. तेथे त्यांच्या हातचे जेवलेल्या स्प्रिंगफील्डच्या एका डॉक्टरांच्या आग्रहावरून ते १९५५ च्या सुमारास त्या शहरात आले. काही वर्षे दुसऱ्यांच्या खानावळींत राबल्यानंतर १९६३ साली त्यांनी स्वतःचे ‘लिआँग्ज टी हाउस’ उघडण्याचे ठरवले.

ते उघडण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९६३ मध्ये, त्या इमारतीशी डायनामाइटचा स्फोट घडवण्यात आला. हा तपशील लिआँग यांच्याविषयीच्या कौतुकपर लेखनात बहुधा एका वाक्यात उरकला जातो. वास्तविक तेथे थांबायला हवे. याच शहराच्या मुख्य चौकात एप्रिल १९०६ मध्ये, ईस्टरच्या आदल्या रात्री, जमावाने तीन कृष्णवर्णीय तरुणांना ठार केले होते आणि त्यानंतर अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे शहर सोडून गेली होती. स्प्रिंगफील्डचे पुढील काळातील जवळजवळ संपूर्ण गौरवर्णीय रूप हे काही अंशी त्या घटनेचे फलित आहे. परक्यांना शहराबाहेर ठेवण्याची स्मृती जेथे जिवंत होती, तेथे एका चिनी माणसाने चूल मांडली होती. स्फोटानंतर दुरुस्ती करून लिआँग यांनी खानावळ उघडली.

पण दार उघडल्याने गिऱ्हाईक येतेच असे नाही. कॅन्टनी पद्धतीचे, मोठ्या आचेवर परतलेले पदार्थ स्थानिक लोकांना रुचेनात. त्यांच्या आवडीचे होते ते तळलेले चिकन. लिआँग यांनी या आवडीचा अर्थ नेमका ओळखला. कोंबडीच्या मांसाचे लहान तुकडे पिठात घोळवून त्यांनी तळले. त्यावर ऑयस्टर सॉस आणि सोया सॉस यांपासून केलेला दाटसर तपकिरी रस्सा ओतला. वरून काजू आणि कांद्याची चिरलेली पात पेरली. स्प्रिंगफील्ड-पद्धतीचे काजू-चिकन ते हेच. पाहता पाहता शहरातील इतर खानावळींनी, त्यांत चिनी नसलेल्यांनीही, ते उचलले. आज हा पदार्थ त्या शहराची ओळख आहे. मूळ टी हाउस १९९७ मध्ये बंद झाले. २०१० मध्ये लिआँग कुटुंबाने पुन्हा एक उपाहारगृह काढले. २०२० साली, वयाची शंभरी जवळ आलेली असताना, डेव्हिड लिआँग यांचे निधन झाले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी अनुवादाचा प्रश्न ओळखू यावा. लक्ष्यभाषेत जो वाक्प्रचार आधीच रुळलेला आहे, त्याचा आधार घेऊन अनुवादक परका आशय आत आणतो. तळलेले चिकन हा ओझार्क प्रदेशाचा रुळलेला वाक्प्रचार होता आणि रस्सा हा कॅन्टनचा आशय. या पदार्थाला ‘अस्सल नाही’ असे म्हणणारा टीकाकार अनुवादाला मूळ संहितेशी ताडून केवळ दोष मोजणाऱ्या समीक्षकासारखा आहे. अनुवाद कोणत्या परिस्थितीत, कोणत्या दडपणाखाली झाला, हे तो विचारीत नाही. लिआँग यांच्यापुढील पर्याय ‘अस्सल की भेसळ’ असा नव्हता. खानावळ टिकते की बंद पडते, असा तो होता.

‘अस्सल’ या कल्पनेची खरी अडचण त्या ताटातील काजूच दाखवतो. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते गोव्याच्या किनाऱ्यावर आणले, आणि आपला ‘काजू’ हा शब्दही तेथील तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आलेला आहे. आज काजूशिवाय गोव्याची फेणी किंवा कोकणातील ओल्या काजूगरांची उसळ यांची कल्पनाही करवत नाही. १९६० च्या दशकात काजूगराच्या जागतिक निर्यातीत भारत आघाडीवर होता आणि अमेरिका हे त्याचे मोठे गिऱ्हाईक होते. तेव्हा लिआँग यांच्या पहिल्या पदार्थांतील काजू केरळातील कोल्लमच्या स्त्रियांनी सोललेले असण्याची शक्यता पुष्कळ आहे. मिसूरीतील ‘चिनी’ पदार्थात ब्राझीलचे बी भारतातून येते. मग त्यातील मूळ कोणते आणि परके कोणते?

हाच प्रश्न मोतीचहाच्या, म्हणजे ‘बबल टी’च्या संदर्भात अधिक तीव्रतेने उभा राहतो. दूध घातलेल्या गार चहात टॅपिओकाच्या काळ्या, चिवट गोळ्या सोडून जाड नळीने प्यायचे हे पेय १९८० च्या दशकात तैवानमध्ये जन्मले. त्याच्या जनकत्वावर दोन चहागृहे हक्क सांगतात : ताइचुंगचे चुन शुई तांग आणि ताइनानचे हानलिन. दोघांमधील वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालला आणि २०१९ मध्ये संपला, तो कोणालाही मालकी न देता. या पेयाचे एकस्व कोणाकडेच नव्हते, ते कोणीही बनवू शकत होते. मग पहिले कोण, हे ठरवण्याची न्यायालयाला गरज वाटली नाही. मौखिक वाङ्मयाचे कर्तृत्व शोधणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा असा हा निवाडा आहे.

त्या काळ्या गोळ्यांना मराठी वाचकाने बिचकण्याचे कारण नाही, कारण त्या आपल्या साबुदाण्याच्या सख्ख्या भावंड आहेत. दोन्हींचे द्रव्य एकच : कसाव्याच्या कंदाचा स्टार्च. कसावाही मूळचा दक्षिण अमेरिकेचा आणि युरोपीय जहाजांतून आशियात आलेला. आपल्या ‘साबु’ या शब्दाचे मूळ मलाय भाषेतील ‘सागू’त, म्हणजे तेथील ताडवर्गीय वृक्षाच्या गरात आहे. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा माल थांबला आणि तामिळनाडूतील सेलमच्या परिसरात कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा उद्योग वाढला. झाड बदलले, नाव तेच राहिले. एकादशीच्या खिचडीकडे या नजरेने पाहावे : साबुदाणा, शेंगदाणे, मिरची आणि बटाटा हे चारही जिन्नस अमेरिका खंडातील वनस्पतींचे. धर्माने ‘शुद्ध’ मानलेल्या उपासाच्या ताटात जिरे आणि तूप वगळता फारसे काही इथले उरत नाही. तरीही ती खिचडी परकी आहे असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.

मोतीचहा अमेरिकेत आला तो १९९० च्या दशकात, कॅलिफोर्नियातील तैवानी वस्त्यांतून. १९८० च्या दशकाच्या आरंभी तैवानला चीनहून स्वतंत्र असा वर्षाला २० हजारांचा प्रवेशकोटा मिळाला होता. लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडील सॅन गॅब्रिएल खोऱ्यात तैवानी कुटुंबे स्थिरावली, आणि त्यांच्या मुलांच्या भेटीगाठींची जागा म्हणून चहाची दुकाने वाढली. तेथून अंतर्भागातील मध्यम शहरांत पोहोचण्यास या पेयाला वेळ लागला. त्याचे एक कारण अगदी भौतिक आहे. मोत्यांचे पीठ उकळत्या पाण्यात आणि काळ्या साखरेत मळावे लागते, गोळ्या बराच वेळ शिजवून पाकात मुरवाव्या लागतात, आणि शिजलेले मोती काही तासांतच कडक होतात. म्हणजे दिवसातून अनेकदा ते ताजे शिजवावे लागतात. चिनी जेवणाची खानावळ एकाच कुटुंबाच्या श्रमावर आणि स्थानिक गोऱ्या गिऱ्हाइकावर चालू शकते. मोतीचहाच्या दुकानाला मात्र दिवसभर येत राहणारे तरुण गिऱ्हाईक लागते. मध्यम शहरात असे गिऱ्हाईक प्रामुख्याने विद्यापीठाभोवती असते. स्प्रिंगफील्डमधील मिसूरी स्टेट विद्यापीठाने २००० साली चीनमधील डालियन येथे लिआओनिंग नॉर्मल विद्यापीठाच्या सहकार्याने व्यवसायशिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. अशा संबंधांतून येणारे विद्यार्थी हा या शहरांतील आशियाई खाद्यांचा नवा वाचकवर्ग होय. त्यांना अनुवाद नको असतो, त्यांना मूळ संहिता वाचता येते.

या दोन टप्प्यांच्या मधला एक टप्पा युद्धाचा आहे. १९७५ साली सायगावच्या पाडावानंतर शेजारच्या आर्कान्सा राज्यातील फोर्ट चॅफी या लष्करी तळावर आग्नेय आशियातील सुमारे ५० हजार निर्वासित उतरले. निर्वासितांनी एकत्र वस्ती करू नये म्हणून त्यांना देशभर विखरून टाकण्याचे सरकारी धोरण होते. या धोरणाला त्यांनी दिलेले उत्तर स्प्रिंगफील्डपासून तासाभराच्या अंतरावरील कार्थेज या लहान गावात पाहायला मिळते. तेथे स्थिरावलेल्या व्हिएतनामी कॅथलिक धर्मगुरूंनी १९७८ मध्ये मारियन दिवसांची यात्रा सुरू केली. पुढे दर ऑगस्टमध्ये हजारो व्हिएतनामी कुटुंबे देशाच्या कानाकोपऱ्यातून तेथे येऊ लागली आणि निरनिराळ्या शहरांतील चर्चमंडळ्या फो व बान मीचे तंबू उभारू लागल्या. आपल्याकडील जत्रेत देवदर्शनाइतकेच महत्त्व भेटीला असते, तसेच हे. विखुरलेला समाज वर्षातून एकदा अन्नाभोवती पुन्हा जुळतो.

या साऱ्या वृत्तान्ताचा अर्थ ‘अन्न माणसांना जोडते’ एवढाच काढणे भाबडेपणाचे होईल. पदार्थ पचवणे आणि माणूस पचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका छोट्या पत्रावरून ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’ हे नाव रुळले आणि अजिनोमोटोच्या भयाने पुढे कित्येक वर्षे चिनी स्वयंपाकघरे संशयाखाली राहिली. तेच द्रव्य पाकीटबंद अमेरिकन पदार्थांत असताना तशी शंका सहसा कोणी घेतली नाही. लिआँग ज्या वर्षी वारले, त्याच २०२० मध्ये मोतीचहाच्या पेल्याला युनिकोडच्या चित्रलिपीत स्थान मिळाले. आणि त्याच वर्षी करोनाच्या साथीचे निमित्त करून आशियाई चेहऱ्यांवरील हल्ले अमेरिकेत वाढले.

मराठीत देशीवादाची चर्चा करताना आपण ‘मूळ’ आणि ‘मातीतले’ हे शब्द फार सहजपणे वापरतो. काजू आणि साबुदाणा यांचा इतिहास असे सुचवतो की देशी असणे हे पुष्कळदा उगमावर ठरत नाही. एखादी गोष्ट किती पिढ्यांनी, किती हातांनी आणि कोणत्या गरजेपोटी आपली केली, यावर ते ठरते. त्या निकषाने स्प्रिंगफील्डचे काजू-चिकन पूर्णपणे देशी आहे : स्प्रिंगफील्डचे देशी. मात्र ते देशी ठरण्याची किंमत कोणी मोजली, हे त्या पदार्थाच्या पाककृतीत लिहिलेले नसते. ती किंमत नोंदवून ठेवणे हे इतिहासलेखनाचे काम आहे. म्हणून त्या पदार्थाविषयी यापुढे जेव्हा लिहिले जाईल, तेव्हा काजू आणि कांद्याची पात यांच्याबरोबर नोव्हेंबर १९६३ च्या त्या स्फोटालाही एका वाक्याहून अधिक जागा मिळायला हवी.