पितळी कडीतले जस्त

१/५ जुन्या वाड्याच्या दारावरील भरीव पितळी कडी उचलताच तिचे वजन जाणवते. वाळूच्या साच्यात ओतून, कानशीने घासून ती घडवलेली असते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यातील खरे कोडे होते ते जस्ताचे.

२/५ जस्ताच्या खनिजातून धातू मोकळा करण्यास सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमान लागते. मात्र जस्त ९०७ अंशांनाच उकळते. परिणामी धातू जन्मताच वाफ होतो आणि हवेत जळून त्याची पांढरी भुकटी उरते.

३/५ उदयपूरजवळील जावर येथील कारागिरांनी हे कोडे मोठ्या प्रमाणावर सोडवले. वांग्याच्या आकाराच्या ३६ मुशी ते एका भट्टीत उलट्या बसवीत. वर आग, खाली थंड कप्पा. वाफ नळीवाटे खाली उतरे आणि भांड्यात जस्त साठे.

४/५ शुद्ध जस्त हाती असले की तांब्यातील त्याचे प्रमाण ओतारी स्वतः ठरवू शकतो. जस्त वाढवले की मिश्रण कमी उष्णतेवर वितळते, रंगही पालटतो.

५/५ इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियन याने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे पेटंट १७३८ मध्ये घेतले. जावरच्या भट्ट्या त्यापूर्वी कित्येक शतके पेटत होत्या. चॅम्पियनचे नाव कागदावर राहिले. जावरला उरले ते निकामी मुशींचे ढीग आणि त्याच मुशी रचून उभारलेल्या घरांच्या भिंती. मोडीत कडीचे केवळ वजन होते. हा इतिहास तराजूत येत नाही.